इंदूरजवळ महूकडे जमीन आहे, द्राक्षं लावू का? आधी हे बघा

दर दिवाळीत कोणीतरी विचारतंच, महूकडे दोन-चार बिघे पडलेत, नाशिकसारखी वाइनची द्राक्षं लावू का. लावा की, पण रोपं आणायच्या आधी फावडं घ्या, कारण सगळ्यात पहिलं बघायचं ते पाणी जातं कुठं.

पाऊस उघडला की ३ फूट खड्डा खणा, पाण्यानं भरा, मुरू द्या, परत भरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबी खाऊन निवांत बघायला जा. पाणी तसंच उभं असेल तर ती जागा सोडा. आपली माळव्याची काळी माती ओल धरते म्हणून गहू-हरभऱ्याला सोनं, पण द्राक्षाला तेच नडतं, पावसात फुगते आणि मुळं गुदमरतात, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. खाली मुरूम लागला तर खुश व्हा! पाणी निघून जातं, वेल माजत नाही, मणी लहान राहतो, म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त, आणि रेड वाइनचा रंग नि तुरटपणा मुख्यतः सालीतूनच येतो. मी हे काही न करता बांधाजवळच्या खोलगट कोपऱ्यात ६ वेली लावल्या, दुसऱ्या पावसाळ्यात ५ गेल्या, सहावीला नुसती पानं.

आणि ते दगडाची चव वाइनमध्ये उतरते वगैरे ऐकता ना, फार मनावर घेऊ नका, मातीचं खरं काम पाणी आणि ऊब सांभाळायचं. फ्रान्सात बोर्दोला बघा, नदीच्या डाव्या काठाला गोट्यांची जमीन, लवकर तापते, म्हणून तिथं कॅबरने सोव्हिन्यो हे उशिरा पिकणारं द्राक्ष, आणि उजवीकडे चिकणमाती जास्त, ती थंड, म्हणून लवकर पिकणारं मर्लो.

आता हवामान. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून नाशिकवाले दोनदा छाटतात, एप्रिलच्या आसपास नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि पाऊस गेल्यावर फळासाठी गोडी छाटणी, मग वाइनचा माल साधारण फेब्रुवारी-मार्चात. इथंही तेच कॅलेंडर धरा. इंदूर साधारण ५५० मीटरवर, आणि माळव्याच्या रात्रींचं कौतुक तर उर्दूवाल्यांनीही केलंय, द्राक्षाला त्याचा फायदा असा की रात्र गार असली की मण्यातली आंबट चव टिकते, नाहीतर नुसती साखर.

पण गारव्याची दुसरी बाजू म्हणजे पाला, पानांचा नव्हे, थंडीत दव गोठून पीक करपतं तो. थंड हवा जड, पाण्यासारखी उतारानं खाली वाहते आणि खोलगट भागात साचते, जानेवारीत हरभरा आधी कुठं करपतो ते शेजारच्या काकांना विचारा, ती जागा बाद. उताराचा मधला पट्टा उत्तम. फ्रान्समधल्याच बर्गंडीतले सगळ्यात नावाजलेले मळेही बहुतेक पूर्वेकडच्या उताराच्या मध्यावरच आहेत.

उतार कुठल्या दिशेला हे मोबाइलच्या कंपासवर बघा. जर्मनीत मोझेल नदीवर सूर्य खाली असतो म्हणून ते लोक अंगावर येणाऱ्या दक्षिण उतारावर, दोर धरून म्हणा ना, द्राक्षं लावतात. ते आपण आंधळेपणानं कॉपी करायचं नाही. डिसेंबरात आपल्याकडेही सूर्य दक्षिणेला, दुपारी जेमतेम ४४ अंशांवर, त्यामुळे दक्षिण उतार ऊब देतो हे खरं, पण मार्चात माल पिकताना तीच ऊब अंगाशी येते. मी तर पूर्व किंवा आग्नेय उतारच घेईन, सकाळचं ऊन दव लवकर वाळवतं, डाऊनी (ओलाव्यानं पानांवर येणारी बुरशी) कमी. पश्चिम उतार नकोच.

जमीन सपाट असेल तर ओळी उत्तर-दक्षिण ठेवा, दोन्ही बाजूंना ऊन मिळतं, आणि पानं विरळ करताना सकाळच्या बाजूची काढा, पश्चिमेकडची राहू द्या, नाहीतर दुपारच्या उन्हानं घड भाजतात.