अकृषिक कराचे पैसे खात्यातून गेले, चलान मिळाले नाही: माझा अनुभव

एनए (बिगरशेती) प्लॉटचा कर 'ग्रास' या राज्य सरकारच्या ऑनलाइन भरणा संकेतस्थळावरून नेट बँकिंगने भरला. खात्यातून रक्कम गेली, बँकेचे पान मधेच अडकले आणि पावती काही आली नाही. तलाठी कार्यालयात थकबाकी तशीच. पान रिफ्रेश केले, ब्राउझर बदलला, बँकेच्या हेल्पलाइनला फोन केला, उपयोग शून्य. पैसे भरूनही थकबाकीदार ठरण्याचा संताप वेगळाच!

शेवटी हे चालले, याच क्रमाने. सर्वात आधी, पुन्हा दुसऱ्यांदा पैसे भरू नका. पैसे भरण्याआधी स्क्रीनवर जीआरएन (या भरण्याचा सरकारी संदर्भ क्रमांक) येतो, 'एमएच'ने सुरू होणारा, तो शोधा. मग ग्रासच्या मुख्य पानावर 'सर्च चलान' उघडून त्यावरून चलान काढा. त्यात बँक सीआयएन (बँकेने दिलेला चलान ओळख क्रमांक) आणि बँकेची तारीख भरलेली हवी. या जागा रिकाम्या असतील तर व्यवहार ग्रासपर्यंत पोहोचलेला नाही. एक-दोन दिवस थांबून पुन्हा पाहा. माझ्या बाबतीत त्या जागा दुसऱ्या दिवशी भरल्या गेल्या. मग चलानाची प्रत, बँक स्टेटमेंट आणि सातबारा घेऊन तलाठ्यांकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) गेलो आणि वसुलीची नोंद गाव नमुना 8-ब (गावाच्या महसूल मागणी-वसुलीची नोंदवही) मध्ये करून घेतली. ही नोंद होईपर्यंत थकबाकी हटत नाही, नुसते चलान पुरत नाही.

महसुली वर्ष 1 ऑगस्ट ते 31 जुलै असते. जुलैअखेरच्या गर्दीआधीच कर भरा आणि जीआरएनचा फोटो आधी काढून ठेवा.