सर्व्हरवरची फाईल कुणी धरून ठेवलीय, हे कसं शोधायचं?

सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या मार्केट यार्डातल्या आडतीत नेमकं पट्ट्या करायच्या वेळी हे होतं. शेतकरी समोर बसलेला, मुनीमजी भाव चढवायला सर्व्हरवरची ‘आवक’ फाईल उघडतात आणि एक्सेल म्हणतं, फाईल दुसऱ्याकडे उघडी आहे, फक्त वाचता येईल. मग कुणीतरी सर्व्हरच बंद करून चालू करतो. फाईल सुटते, पण बाकीच्या टेबलांवरचं सेव्ह न केलेलं कामही जातं. खरा धरणारा शोधायला एवढा उपद्व्याप लागत नाही. पुढची माहिती विंडोज सर्व्हरची आहे.

आधी मेसेज नीट वाचा. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ असेल तर बहुतेक वेळा भानगड परवानगीची असते, लॉकची (दुसऱ्याने फाईल धरून ठेवल्याची) नव्हे. एक्सेल ज्याचं नाव दाखवतं त्याच्यावरही लगेच धावून जाऊ नका. ते नाव त्या कॉम्प्युटरवरच्या ऑफिसच्या सेटिंगमधून येतं, आणि एकाच माणसाने सगळी मशिनं बसवली असतील तर सगळीकडे ‘अ‍ॅडमिन’च असतं.

आता सर्व्हरवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन करा. स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर शोधून उघडा, सीपीयू टॅबवर जा. खाली ‘असोसिएटेड हँडल्स’ अशी पट्टी आहे, तिच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत फाईलच्या नावाचा थोडा भाग टाका. पूर्ण पाथ टाकायची गरज नाही. थोड्या वेळात फाईल धरणाऱ्या प्रोसेसचं, म्हणजे चालू प्रोग्रामचं, नाव आणि तिचा पीआयडी (ओळख क्रमांक) दिसेल.

इथे दोन वाटा फुटतात. नाव ‘सिस्टम’ आणि पीआयडी ४ असेल, तर बहुधा फाईल नेटवर्कवरून उघडली आहे. शेअर केलेल्या फाईली सर्व्हरच्या वतीने विंडोजचा कर्नेल (विंडोजचा गाभा) उघडतो, म्हणून नाव त्याचं लागतं. सिस्टमला मारता येत नाही, तो प्रयत्नही करू नका.

त्याऐवजी कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, शेअर्ड फोल्डर्स, मग ओपन फाइल्स. तिथे फाईल आणि ती उघडणाऱ्या युजरचं नाव दिसतं. यादी आपोआप ताजी होत नाही, एफ-५ दाबत राहा. ‘लॉक्स’च्या रकान्यात शून्य दिसलं म्हणून ती ओळ सोडून देऊ नका, हीच चूक सर्रास होते. तो रकाना फाईलच्या आतल्या तुकड्यांवरचे लॉक मोजतो. शून्य असूनही अख्खी फाईल अडलेली असू शकते. ‘ओपन मोड’मध्ये ‘राइट’ असलेली ओळ पकडा. सगळी टेबलं एकाच युजरने लॉगिन करत असतील तर शेजारच्या सेशन्समध्ये कॉम्प्युटरचं नाव किंवा आयपी मिळेल. कुठलं मशीन कुठल्या टेबलावर, याची चिठ्ठी सीपीयूवर चिकटवलेली असली की पळापळ वाचते.

सापडलं की आधी त्या माणसाला हाक मारा: “सेव्ह करून बंद करा.” त्याच्याकडे एक्सेलची खिडकीच दिसत नसेल तर टास्क मॅनेजरमध्ये बघा, मागे अडकून पडलेलं असतं. ओळीवर राइट क्लिक करून ‘क्लोज ओपन फाइल’ करता येतं, पण त्याने समोरच्याचं सेव्ह न झालेलं काम जाऊ शकतं.

दुसरी वाट: प्रोसेस सर्व्हरवरचीच निघते. अँटीव्हायरस किंवा बॅकअप असेल तर थांबा, काम झालं की सोडतील. एक्सेलच दिसलं तर टास्क मॅनेजरचा युजर्स टॅब बघा. रिमोट डेस्कटॉपची खिडकी फुलीवर बंद केली की माणूस लॉगआउट होत नाही. त्याचं एक्सेल सर्व्हरवर तसंच चालू राहतं. त्याला परत आत शिरून सेव्ह करायला लावा, मग साइन आउट. ‘एसव्हीसी-होस्ट’ (विंडोजच्या सर्व्हिसेस चालवणारी प्रोसेस) असेल तर टास्क मॅनेजरच्या सर्व्हिसेस टॅबमध्ये तोच पीआयडी शोधा, खरी सर्व्हिस कळेल.

रिसोर्स मॉनिटरमध्ये काहीच नाही सापडलं तर मायक्रोसॉफ्टचं प्रोसेस एक्सप्लोरर घ्या. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबा आणि नाव टाका. यात डीएलएल (प्रोग्राम वापरतात त्या जोड-फाईली) ही शोधल्या जातात. त्यात ‘क्लोज हँडल’ची, म्हणजे प्रोग्रामची फाईलवरची पकड तोडायची, सोय आहे, पण ती वापरू नका. प्रोग्रामला कळतच नाही की हातातली फाईल गेली, आणि तो भलत्याच ठिकाणी लिहू शकतो.

राहिला आपल्याकडचा नेहमीचा प्रकार: लाईट जाते, यूपीएस नसलेलं मशीन धाडकन बंद पडतं. लाईट आल्यावर फाईल कुणाकडेच उघडी नसते, तरी एक्सेल अडून बसतं. ओपन फाइल्समध्ये जुनी ओळ लटकलेली दिसली तर ती इथे बंद करायला हरकत नाही, काम तसंही लाईटीसोबत गेलेलं असतं. ओळ नसेल तर त्याच फोल्डरमध्ये ‘व्ह्यू’मधून हिडन आयटम्स दाखवा. नागमोडी रेघ आणि डॉलर यांनी सुरू होणारी, तुमच्याच फाईलच्या नावाची १६५ बाइटची फाईल मागे राहिलेली असते. ओपन फाइल्समध्ये मूळ फाईल आणि ही छोटी फाईल या दोन्हींपैकी एकही नाव नाही, एवढं बघा आणि मग ती छोटी फाईल डिलीट करा.