झेब्राफिशच्या भ्रूणात हृदयाची जनुके रंगवून पाहताना

एखादे जनुक भ्रूणात कुठे चालू आहे ते रंगाने दाखवणाऱ्या पद्धतीला इन सिटू हायब्रिडायझेशन म्हणतात. त्यासाठी आधी भ्रूणाचे वय पक्के करा. २८.५ अंश सेल्सिअसला वाढलेल्या झेब्राफिशचे हृदय फलनानंतर २४ तासांना सरळ नळी असते, ३६ च्या सुमारास ते वळू लागते आणि ४८ तासांना अलिंद व निलय वेगळे ओळखू येतात. बशीत गर्दी झाली की वाढ मागे पडते, तेव्हा नुसत्या घड्याळावर विसंबू नका. ३६ किंवा ४८ तासांचे भ्रूण हवे असतील, तर २४ तास भरण्याआधी पाण्यात ०.००३ टक्के पीटीयू (रंगद्रव्य बनू न देणारे रसायन) घाला (हातमोजे घालून, ते विषारी आहे). नाहीतर काळे रंगद्रव्य जनुकाचा रंग झाकते.

प्रोब, म्हणजे जनुकाच्या आरएनएला चिकटणारा आणि डिग (डिगॉक्सिजेनिन) ही खूण लावलेला आरएनएचा तुकडा, एमवायएल७ या जनुकाचा घ्या. तो हृदयाचा सगळा स्नायू रंगवतो आणि पहिल्यांदा करणाऱ्याला निराश करत नाही. व्हीएमएचसी फक्त निलय, तर एमवायएच६ फक्त अलिंद दाखवतो. सोबत त्याच जनुकाचा उलट्या दिशेचा (सेन्स) प्रोब हवाच, तो आरएनएला चिकटत नाही. त्यातही रंग आला, तर दिसतेय ते खरे नाही.

भ्रूण कवचातून काढून ४ टक्के पीएफएमध्ये (पॅराफॉर्मल्डिहाइड, ऊती जशाच्या तशा टिकवणारे म्हणजे फिक्स करणारे द्रावण) ४ अंशांना रात्रभर ठेवा. कवचातच फिक्स केले तर शेपटी वाकडीच राहते. मग मिथेनॉलमध्ये उणे २० अंशांना किमान २ तास.

बहुतेकांचे हृदय प्रोटीनेज के (प्रथिने पचवून प्रोबला वाट करून देणारे एन्झाइम) मध्ये हातचे जाते. १० मायक्रोग्रॅम प्रति मिली या प्रमाणात २४ तासांच्या भ्रूणाला १० मिनिटे, ४८ तासांच्याला ३० मिनिटे पुरतात. कमी झाले तर प्रोब आत पोचत नाही, जास्त झाले तर ऊती सुटू लागतात. नव्या बाटलीची ताकद वेगळी असू शकते, म्हणून आधी पाच-सहा भ्रूणांवर वेळ तपासा. लगेच पुन्हा २० मिनिटे पीएफए. हे विसरलात तर पुढच्या ७० अंशांत भ्रूण विरघळल्यासारखे होतात.

५० टक्के फॉर्मामाइडच्या द्रावणात ७० अंशांना रात्रभर प्रोब, दुसऱ्या दिवशी त्याच तापमानाला ०.२ पट एसएससीने (मिठाचे द्रावण) ३० मिनिटांच्या दोन धुण्या. मग प्रोबवरच्या डिगला चिकटणारी डिगविरोधी अँटिबॉडी १:५००० ते १:१०,००० पातळ करून, रात्रभर ४ अंशांना. शेवटी एनबीटी-बीसीआयपी (जांभळा रंग देणारी रसायने) अंधारात, एमवायएल७ चा रंग लवकर चढतो, तेव्हा दर १५ मिनिटांनी बघा. बलक जांभळा होऊ लागला की थांबा.

डोके वर ठेवून पोटाकडून पाहिले, तर भ्रूणाची डावी बाजू तुमच्या उजवीकडे येते. २४ तासांच्या नळीचे अलिंदाचे टोक डावीकडे झुकलेले असायला हवे. फोटोवर कोणत्या बाजूने पाहिले ते लिहा, नाहीतर निरोगी हृदय उलटे ठरेल.