क्रँक जड फिरतो म्हणून शेल खरवडू नका

जुन्या ॲम्बॅसडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा, थोडक्यात क्रँक) तीनच मेन बेअरिंगवर फिरतो, त्यामुळे मधले बेअरिंग बाकी दोघांच्या रेषेत नसेल तर क्रँकला प्रत्येक फेरीत थोडे वाकावेच लागते. ही रेषा शेल, म्हणजे बेअरिंगचे पातळ अर्धगोल अस्तर, ठरवत नाहीत. ती ब्लॉकमधल्या अर्धगोल बैठका आणि त्यांच्यावर बोल्टने आवळलेल्या कॅप ठरवतात. तरीही क्रँक जड फिरला की पहिला हात शेलवरच जातो.

काही वर्षांपूर्वी एक हौशी तरुण अर्धे जोडलेले इंजिन टेम्पोत घालून माझ्याकडे आला. मधली कॅप आवळली की क्रँक अडकत होता, म्हणून त्याने तीन संध्याकाळी बसून मधला शेल ब्लेडने खरवडला होता, आणि जुळणी तपासायला लावलेला निळा रंग आता सगळीकडे सारखा उमटतो याचा त्याला अभिमानही होता. मी शेल काढले, ब्लॉक टेबलावर पालथा ठेवला आणि तिन्ही बैठकांवर सरळपट्टी धरली. दीड थाउची (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फीलर पट्टी, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, कुठेच शिरली नाही, म्हणजे ब्लॉक ठीक होता. मग शेल न बसवताच कॅप पूर्ण टॉर्कने (ठरलेल्या जोराने) आवळून भोकाचा व्यास मोजणारा बोअर गेज लावला, तेव्हा मधले भोक तीन थाउ अंडाकृती निघाले. मूळ कॅप हरवली होती आणि ही भंगारातून आणली होती, हे त्याने त्यानंतर सांगितले. कारखान्यात कॅप ब्लॉकवर आवळून मगच भोक कापतात, म्हणून दुसऱ्या ब्लॉकची कॅप चालत नाही आणि स्वतःची कॅपही उलटी फिरवून चालत नाही. अखेर लाइन बोअरिंग, म्हणजे तिन्ही भोके एका रेषेत पुन्हा कापणे, करावे लागले. तेव्हा कारागिराला मी बजावले, की धातू शक्यतो कॅपच्या बाजूने काढा. ब्लॉकमध्ये खोल गेलात तर क्रँक कॅमकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याकडे) सरकतो आणि दोघांना जोडणारी टायमिंग चेन सैल पडते.

खरवडण्याची कला खोटी नाही. फोर्ड मॉडेल ए मध्ये बॅबिट हा मऊ बेअरिंगचा धातू थेट ब्लॉकमध्ये ओतलेला असतो आणि तो हाताने जुळवता येतो. पातळ शेलची जाडी मात्र मोजून बनवलेली असते. ब्लेड लावले की ती गेली. तीन संध्याकाळी घालवण्याआधी अर्धा तास मोजणीला देण्याचा धीर नवशिक्यांकडे का नसतो, हे मला आजवर कळलेले नाही.

कॅप काढण्यापूर्वीच मी पंचाने क्रमांक आणि पुढची दिशा खुणावतो. जोडताना मधल्या कॅपपासून सुरुवात करतो आणि प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहतो, म्हणजे दोष कोणत्या कॅपपाशी आहे ते तिथेच कळते. क्रँक स्वतःच वाकलेला असला तरी लक्षण हेच दिसते, म्हणून तो आधी व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) डायल गेज लावावा.

शेलखाली कागद किंवा पत्रा घालू नये; उष्णता ब्लॉकपर्यंत पोचत नाही. ढिलेपणा काढण्यासाठी कॅपचे तोंड कानशीने घासणे तर गुन्हाच आहे. प्लास्टिगेज (फट मोजायला ठेवायचा, दाबला जाणारा मऊ धागा) ठेवल्यावर क्रँक फिरवू नये. मधल्या बेअरिंगच्या थ्रस्ट वॉशरची, म्हणजे क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकतीची, खाचांची बाजू क्रँककडे ठेवावी. उलटी बसवली, तर तेल नको तिथे राहते आणि वॉशर लवकर झिजतो.