आरएक्स-८ साठी मिडपाइप घेताना
माझदा आरएक्स-८ ची ओढ कमी झाली की लोक लगेच मिडपाइप मागवतात, म्हणजे एक्झॉस्टमध्ये मूळ कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) जागी बसणारा मधला पाइप. आधी इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) तपासा. त्या कमजोर असतील तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं, आतली पोळ्यासारखी जाळी वितळते आणि एक्झॉस्ट तुंबतो. कॉइल तशाच ठेवल्या तर नवा हाय-फ्लो (धूर जास्त मोकळा जाऊ देणारा) कॅटही असाच जाईल. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर कॅटवालाच पाइप घ्या. अमेरिकेत तर कॅट काढणं बेकायदाच आहे. सरळ, म्हणजे बिनकॅटचा पाइप फक्त रेस ट्रॅकसाठी, आणि तोही रेझोनेटरवाला (आवाज कमी करणारा डबा असलेला), नाहीतर या गाडीच्या रोटरी इंजिनाचा कर्कश आवाज डोकं उठवतो (पहिले दोन दिवस मजा वाटते!). ऑक्सिजन सेन्सरचं आट्यांचं भोक मूळ जागीच आहे ना, तेही पाहा. मागे सरकलेलं असेल तर वायर पुरत नाही.