फौजी घरातला घटस्फोट: या चुका टाळा

साताऱ्याचं अपशिंगे असो की कोल्हापूरचं सैनिक टाकळी, घरटी एक माणूस फौजेत असलेल्या गावांत नवरा-बायकोचं फाटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘सीओ साहेबांना पत्र टाक, ते बघतील.’ दुसरा सल्ला वकिलाच्या ओट्यावर मिळतो: ‘पगारावर जप्ती आणू.’ दोन्ही सल्ले चुकीच्या दारात नेऊन उभे करतात. कमांडिंग ऑफिसरला (सीओ, म्हणजे युनिटचा प्रमुख) कुणाचाही घटस्फोट करता येत नाही, आणि दिवाणी कोर्टाला सेवेतल्या जवानाचा पगार जप्त करता येत नाही. खालच्या बहुतेक चुका या एका गोंधळातून निघतात.

सुरुवातीलाच एक सांगायला हवं. इथे मुख्यतः 1955 च्या हिंदू विवाह कायद्याबद्दल लिहिलं आहे. तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांनाही लागू होतो. मुस्लिम, ख्रिस्ती किंवा विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांसाठी घटस्फोटाचा कायदा वेगळा आहे. लष्कराचे नियम मात्र सगळ्यांना सारखेच.

पोस्टिंगच्या गावी दावा ठोकणं

जवान पठाणकोटला, बायको कराडला. तो तिथल्याच वकिलाला गाठतो, कारण सुट्टी मिळत नाही. पण दावा कुठे लावायचा हे कायद्याच्या कलम 19 ने ठरवलेलं आहे: लग्न झालं ते ठिकाण, समोरचा पक्ष राहतो ते ठिकाण, किंवा दोघं शेवटी एकत्र राहिले ते ठिकाण. 2003 पासून बायकोला ती स्वतः राहते तिथेही दावा लावता येतो. नवऱ्याला ही सवलत नाही. ती पठाणकोटच्या क्वार्टरमध्ये कधी राहिलीच नसेल तर तिथल्या कोर्टाला अधिकारच येत नाही. राहिली असेल, तरी ती बदलीसाठी सुप्रीम कोर्टात जाऊ शकते, आणि अशा अर्जांत बायकोच्या सोयीला वजन मिळतं. मधलं वर्ष वाया. गावच्या कोर्टात यायला रजा लागते हे खरं, पण त्याची सोय पुढे सांगितली आहे.

ड्यूटीचा दुरावा हाच ‘विभक्त राहणं’ समजणं

अर्जात ही चूक फार दिसते. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी (कलम 13-ब) किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. मग वकील लिहून टाकतो, ‘नवऱ्याचं पोस्टिंग झाल्यापासून दोघं विभक्त आहेत.’ त्या हिशेबाने अर्धी फौज विभक्त ठरेल! सुप्रीम कोर्टाने 1991 मध्येच स्पष्ट केलं आहे की वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. एका छताखाली राहूनही माणसं विभक्त असू शकतात, आणि हजार मैलांवर असूनही संसार चालू असू शकतो. म्हणून तारीख पोस्टिंगची टाकू नका. कोणत्या सुट्टीनंतर बोलणं, पैसे पाठवणं, घरी येणं तुटलं, ते लिहा.

परित्यागाचंही (जोडीदाराला टाकून देणं, हे घटस्फोटाचं एक कारण) तेच. त्यासाठी दोन वर्षांचा काळ लागतोच, पण त्याबरोबर सोडून देण्याचा इरादाही सिद्ध करावा लागतो. बायको सासू-सासऱ्यांजवळ गावी राहिली म्हणून तिने नवऱ्याला टाकलं असं होत नाही. नवरा तीन वर्षं फील्डमध्ये (सीमेवर किंवा कारवाईच्या भागात) होता म्हणून त्याने तिला टाकलं असंही होत नाही.

संमतीच्या अर्जातला सहा महिन्यांचा थांबा योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं, हे सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालाने ठरलं. त्याच निकालात फौजींच्या कामाचं आणखी एक वाक्य आहे, जे बरेच जण वाचत नाहीत: रास्त कारण असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, किंवा आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यामार्फत हजेरी चालू शकते. मागितल्याशिवाय मात्र ही सोय कुणी देत नाही.

समन्स चुकवणं, आणि समन्स चुकीच्या पत्त्यावर पाठवणं

ही चूक दोन्ही बाजूंची. बायको अर्जात नवऱ्याचा गावचा पत्ता टाकते, बेलिफ जातो, ‘फौजेत आहे, इथे राहत नाही’ असा शेरा येतो आणि तारखांवर तारखा पडतात. दिवाणी प्रक्रिया संहितेत (आदेश 5, नियम 28) याची वाट आखून दिली आहे: सैनिकाचं समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवायचं. त्यासाठी आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट आणि ‘केअर ऑफ 56 एपीओ’ किंवा ‘99 एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) एवढं अर्जात हवं. युनिट माहीत नसेल तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला (सेवा-नोंदी ठेवणारं कार्यालय) लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं ते बेळगावला आहे.

जवानांचा गैरसमज उलटा असतो: ‘मी बॉर्डरवर आहे, माझ्याविरुद्ध काही होऊ शकत नाही.’ 1925 चा भारतीय सैनिक (दावे) कायदा खरोखर संरक्षण देतो. खटला थांबवता येतो, एकतर्फी हुकूम रद्दही करून घेता येतो. पण हे युद्धपरिस्थितीत किंवा कायद्याने ठरवलेल्या खास परिस्थितीत सेवा करणाऱ्यांसाठी, आणि तेही लष्करी अधिकाऱ्याच्या दाखल्यावर. पुण्याच्या किंवा अहिल्यानगरच्या पीस पोस्टिंगला (शांततेच्या भागातल्या नेमणुकीवर) असताना समन्स घेऊन गप्प बसलात तर एकतर्फी निकाल लागतो, आणि तो खरा निकाल असतो.

सुट्टीची अडचण असेल तर दोन मार्ग आहेत. आर्मी कायद्याच्या कलम 32 प्रमाणे रजेचा दाखला कोर्टात दिला की कोर्टाने शक्यतो त्या रजेच्या काळात सुनावणी उरकायची असते. रजा मिळतच नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 28 खाली वडिलांना किंवा भावाला लेखी अधिकार देता येतो. त्यावर सही मात्र सीओसमोर व्हावी लागते आणि सीओने ते प्रमाणित करावं लागतं. गावच्या नोटरीचं साधं मुखत्यारपत्र म्हणजे ते नव्हे. साक्ष मात्र शेवटी स्वतःलाच द्यावी लागेल, एवढंही धरून चाला.

पोटगी: कोणाकडे काय मागायचं

बायकोसमोर दोन वेगळ्या वाटा असतात. एक कोर्टाची: खटला चालू असताना हिंदू विवाह कायद्याचं कलम 24, निकालासोबत कलम 25, किंवा कोणताही घटस्फोटाचा दावा नसताना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 (जुनं 125). दुसरी लष्कराची: युनिटमार्फत अर्ज करायचा, नवऱ्याला कारणे दाखवा नोटीस जाते, त्याचं म्हणणं ऐकून लष्करी अधिकारी थेट पगारातून कपातीचा आदेश देतात. त्याचा आधार आर्मी कायद्याचं कलम 90 (अधिकारी) आणि 91 (जेसीओ, म्हणजे सुभेदारासारखे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, व जवान). लष्कराच्या आदेशांनुसार ही कपात बायकोसाठी पगार-भत्त्यांच्या 22 टक्क्यांपर्यंत, मुलं धरून 33 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

इथून चुका सुरू होतात. ‘22 टक्क्यांपेक्षा जास्त मिळतच नाही’ असं जवान कोर्टात सांगतात. ही मर्यादा लष्कराच्या स्वतःच्या आदेशाची आहे, कोर्टावर ती बंधनकारक नाही. बायको उलटं करते: युनिटकडे अर्ज टाकून वाट बघते आणि कोर्टात जातच नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार पोटगी कोर्टातल्या अर्जाच्या तारखेपासून मिळते. अर्ज जितका लांबवाल तितके महिने हातचे जातात. दोन्ही अर्ज एकाच वेळी करता येतात. लष्कराकडून मिळणारी रक्कम कोर्टापासून लपवायची नाही, ती हिशेबात धरली जाते. याच निकालाने दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं आहे. तिथे फील्ड अलाउन्स गाळणारे जवान आणि शिकवणीचं उत्पन्न गाळणाऱ्या बायका दोघंही उलटतपासणीत अडकतात.

आणि जप्ती? आर्मी कायद्याच्या कलम 28 ने सेवेतल्या माणसाचे पगार-भत्ते दिवाणी कोर्टाच्या जप्तीपासून सुरक्षित आहेत. म्हणून कोर्टाचा पोटगीचा आदेश हातात पडला की त्याची प्रमाणित प्रत युनिटला आणि रेकॉर्ड ऑफिसला पाठवून कलम 90 किंवा 91 खाली कपात मागा. जप्तीच्या अर्जात वर्ष घालवण्यापेक्षा हे पत्र आधी लिहा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबलेल्या बायकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर सह्या होतात, नोटरीचा शिक्का बसतो, दागिने परत जातात, आणि दोन्ही घरं समजतात की मिटलं. समाजात काडीमोडाची रूढी आहे हे पुराव्याने सिद्ध करता आलं तरच अशा सोडचिठ्ठीला कायद्यात जागा आहे (हिंदू विवाह कायद्याचं कलम 29), आणि ते सिद्ध करणं अवघड असतं. बाकी त्या कागदाने लग्न मोडत नाही.

जवान मग दुसरं लग्न करतो. युनिट पार्ट टू ऑर्डर (सेवा-नोंदीत बदल करणारा आदेश) काढताना घटस्फोटाची डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) मागतं, ती नसते. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न हा फौजदारी गुन्हा तर आहेच, शिवाय लष्करी नियमांत बहुपत्नीत्वावर स्वतंत्र कारवाई होते. कुणी तक्रार केली नाही तर प्रकरण वर्षानुवर्षं झाकलं राहतं आणि जवान गेल्यावर उघडं पडतं. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दोन बायका उभ्या राहतात, आणि वीस वर्षं त्याचं घर सांभाळलेल्या दुसरीच्या हाती काही लागत नाही. तिची मुलं हक्कदार ठरू शकतात, ती स्वतः नाही.

डिक्री मिळाल्यावरही घाई नको. अपिलाची मुदत संपेपर्यंत पुनर्विवाह करता येत नाही (हिंदू विवाह कायद्याचं कलम 15). महाराष्ट्रात ती मुदत 90 दिवसांची धरा. कौटुंबिक न्यायालय कायद्यात 30 दिवस लिहिले असले तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2016 मध्ये 90 दिवसांची मुदत लागू असल्याचं ठरवलं.

डिक्री कपाटात ठेवून देणं

कोर्ट युनिटला कळवेल असं गृहीत धरू नका. प्रमाणित प्रत स्वतः द्या, पार्ट टू ऑर्डर निघाला का ते पाहा. एएफपीपी फंड (जवानांचा भविष्य निर्वाह निधी) किंवा डीएसओपी फंड (अधिकाऱ्यांचा) आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्स यांचं नामनिर्देशन, बायकोचं कॅन्टीन कार्ड आणि डिपेंडंट कार्ड, हे सगळं वेगवेगळ्या अर्जांनी बदलतं. निवृत्त झाला असाल तर स्पर्शवर (संरक्षण निवृत्तिवेतनाचं ऑनलाइन पोर्टल) कुटुंबाची माहिती दुरुस्त करा.

घटस्फोटानंतर बायकोचा ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आणि कुटुंब निवृत्तिवेतनावरचा हक्क जातो. मुलांचा जात नाही. वाटाघाटीत ही गोष्ट बायकांना कुणी सांगत नाही, म्हणून एकरकमी रक्कम ठरवताना औषधोपचाराचा आणि म्हातारपणाचा खर्च धरलेला नसतो. संमतीच्या अटी लिहिताना तो आकडा आधी काढा, आणि मुलांची नावं सेवा-नोंदीत राहतील, त्यांचे फॉर्म वडील वेळेवर भरतील, ही अट शब्दांत लिहून घ्या. मूल आईजवळ वाढत असेल तर ईसीएचएसच्या कार्डासाठीसुद्धा वडिलांची सही लागते, आणि ती मिळवायला पुन्हा कोर्टात जावं लागू नये.