लिनक्सवर नवे आहात? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा मिंट ही लिनक्सची रूपं टाकून माझ्याकडे येणारे वाढलेत. फार चांगली गोष्ट आहे. पण बिघाड तेच ते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे सिस्टिमच्या पायथनला, म्हणजे लिनक्स स्वतः वापरतं त्या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्तीला, हात लावणं. धरमपेठेतला इंजिनिअरिंगचा एक मुलगा सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी आला. "दादा, टर्मिनलच (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून नाही राहिलं." उबुंटू २२.०४, त्यात पायथन ३.१०. प्रोजेक्टला ३.१२ हवं होतं, म्हणून कुठलातरी व्हिडिओ पाहून त्यानं 'पायथन३' हे नाव ज्या आवृत्तीकडे नेतं ती लिंकच ३.१२कडे वळवली होती. उबुंटूत टर्मिनल सुरू करणारी फाइल पायथनमध्येच लिहिलेली आहे, आणि तिला लागणारी मॉड्यूल्स ३.१०साठी बांधलेली. आयकॉनवर क्लिक केलं की क्षणभर गोल फिरायचं, मग काहीच नाही. पोरगा फॉरमॅट मारायला निघाला होता. कंट्रोल, आल्ट, एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन केलं, लिंक परत ३.१०वर आणली, टर्मिनल उघडलं.

नवं पायथन हवं तर शेजारी टाका आणि प्रोजेक्टला व्हेन्व्ह, म्हणजे त्याचा वेगळा पायथन कप्पा, करा. मी दोन ओळींच्या स्क्रिप्टलाही करतो. डेबियन (उबुंटूचा पाया असलेलं लिनक्स) १२पासून पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं टाकणारी कमांड, सिस्टिममध्ये थेट काही टाकू देत नाही. तिथे 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' जोडून पुढे जाणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. काय होणार ते नावातच लिहिलंय ना!

दुसरी चूक घाईची. लॉक दुसऱ्या प्रोसेसकडे आहे असं एप्टनं (सॉफ्टवेअर टाकणाऱ्या कमांडनं) सांगितलं की लोक लॉकची फाइलच उडवतात. बहुतेकदा मागे सुरक्षा अपडेट आपोआप चालू असतात, आणि दोघांनी एकाच वेळी लिहायला घेतलं तर पॅकेजांची नोंद बिघडू शकते. मेसेजमध्ये प्रोसेसचा नंबर असतो, तो वाचा. चहा घेऊन या, काम झालेलं असतं.

मे महिन्यात नागपुरात दुपारी लाइट कधीही जाते. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर तेव्हा मोठा अपग्रेड लावू नका. मधेच बंद पडलाच, तर बूट मेनूतल्या रिकव्हरी मोडमध्ये अर्धवट पॅकेजं दुरुस्त करणारा डीपीकेजीचा पर्याय आहे, तो आधी चालवा. पुन्हा इन्स्टॉल करायची गरज सहसा पडत नाही.

परवानगी नाकारली म्हणून सगळ्या फोल्डरला ७७७ (म्हणजे कुणालाही सगळं करायची मुभा) देणं: नाही म्हणजे नाही. एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचं साधन) तर अशी सगळ्यांना उघडी असलेली खासगी किल्लीची फाइल वापरतच नाही.

लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही? विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि मशीन पूर्ण शटडाउन करा.